शरदातील स्वयंसेवी पेयस्थान : मांडणी हीच मात्रा

आश्विन-कार्तिकात आपल्याकडे शिबिरांचा आणि मेळाव्यांचा हंगाम सुरू होतो. पाऊस ओसरलेला असतो, रस्ते मोकळे झालेले असतात, खरिपाची काढणी आटोपत आलेली असते. आरोग्य शिबिरे, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभा, शाळा-महाविद्यालयांचे श्रमसंस्कार, वैद्यांची संमेलने हे सारे याच दोन महिन्यांत येते. अशा कार्यक्रमांत अलीकडे एक नवी पद्धत रूढ होऊ लागली आहे. सकाळची न्याहारी आणि दुपारचे भोजन वेगवेगळे न देता साडेदहा-अकराच्या सुमारास एकच भरपेट आहार द्यावयाचा, ज्याला शहरी मंडळी ‘ब्रंच’ म्हणतात. आणि त्याआधीपासून एका बाजूस पेयांचे मेज मांडून ठेवावयाचे. ज्याने त्याने आपल्या हाताने पेला भरून घ्यावा. संयोजकांच्या दृष्टीने ही पद्धत सोयीची आहे. वाढणाऱ्यांची संख्या कमी लागते, पंगतीची वाट पाहावी लागत नाही, खर्च आटोक्यात राहतो.

सोयीविषयी आमचा आक्षेप नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. त्या मेजावर काय मांडले जाते, आणि ते कोण ठरवितो? आजवर आम्ही अनेक वैद्यसंमेलनांना उपस्थित राहिलो. व्यासपीठावर शरद ऋतुचर्येवर विद्वत्तापूर्ण व्याख्यान चालू असते आणि सभागृहाच्या मागील बाजूस चहाचे थर्मास, बाटलीबंद गोड शीतपेये आणि खोक्यातील फळांचे रस मांडलेले असतात. श्रोता व्याख्यान ऐकतो आणि मागे जाऊन नेमके त्याच्या उलट वर्तन करतो. दोष श्रोत्याचा नाही. जे समोर ठेवले तेच तो घेणार. व्याख्यान त्याने कानांनी ऐकले, मेजाने त्याला हाताने शिकविले; आणि हाताने शिकलेले अधिक टिकते.

म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही एक छोटासा प्रस्ताव मांडीत आहोत. शरद ऋतूतील स्वयंसेवी पेयस्थान ही वैद्याने स्वतः लक्ष घालून करावयाची योजना आहे, ती आचाऱ्यावर सोडून देण्याची बाब नव्हे. स्वयंसेवेत वैद्य प्रत्येकाच्या पेल्यापाशी उभा राहू शकत नाही. परंतु भांडी कोणती, पेला केवढा, कशाशेजारी काय आणि कोणत्या वेळी काय उचलून न्यावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार त्याच्याकडे राहतो. तेथे मांडणी हीच मात्रा होय.

राळेगणसिद्धीचा धडा

हा विचार मांडताना आमच्या डोळ्यांसमोर आपल्याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धी हे गाव आहे. पारनेर तालुक्यातील हे अवर्षणप्रवण गाव. वर्षाला साधारण ४०० ते ५०० मिलिमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा. १९७५ साली सैन्यातील सेवा संपवून श्री. अण्णा हजारे गावी परतले, यादवबाबांच्या मंदिराच्या जीर्णोद्धारापासून लोकांना एकत्र आणण्यास आरंभ झाला, आणि पुढे नालाबांध, समतल चर, पाझर तलाव यांतून गावाने पाणी अडविले व जिरविले. नशाबंदी, नसबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री महाराष्ट्रभर परिचित आहे. पाणलोटाचे काम पाहण्यासाठी देशभरातून माणसे येथे येत राहिली. शिबिरे, अभ्यासदौरे आणि सामुदायिक भोजने ही या गावाला नवीन नाहीत.

परंतु आमच्या विषयाशी संबंध आहे तो नशाबंदीचा. या गावात दारू गाळण्याच्या भट्ट्या बंद झाल्या, आणि नंतर दुकानांतून विडी, सिगारेट, तंबाखू यांची विक्रीही थांबली. आरंभीच्या काळात मद्यपींना खांबाला बांधून मारल्याचेही सर्वश्रुत आहे. तो मार्ग वैद्याचा नव्हे. शरीरास दंड देऊन सात्म्य बदलत नाही, अशी आमची धारणा आहे. पण दुसरा मार्ग, म्हणजे दुकानाच्या फळीवरून वस्तूच काढून घेण्याचा, हा मात्र खोल विचार करावा असा आहे. फळीवर जे नाही ते सहज हाती येत नाही. आणि जे सहज हाती येत नाही त्याची सवय हळूहळू सुटते. चरकाचार्यांनी अहितकर सात्म्य एकदम न सोडता पादांशाने, क्रमाक्रमाने सोडावे असे सांगितले आहे. फळी रिकामी करणे आणि त्या जागी दुसरे काही भरणे, हा त्या क्रमाचाच सामाजिक अवतार होय.

दुसरा धडा पाण्याचा. ज्या गावाने थेंब थेंब जिरवून विहिरी भरल्या आणि जास्त पाणी पिणाऱ्या पिकांवर स्वतःहून बंधन घालून घेतले, त्या गावात पेय मांडताना पाण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. आजच्या घडीस राळेगणात असे पेयस्थान चालते असा आमचा दावा नाही. तेथील एखाद्या शिबिरात ते सुरू करावयाचे झाल्यास कसे असावे, एवढेच आम्ही येथे सांगत आहोत. जे राळेगणात जमेल ते जिल्ह्यातील कोणत्याही गावात जमेल.

शरद म्हणजे उन्हाळा नव्हे

पहिली चूक होते ती येथे. ऑक्टोबरचे ऊन तापू लागले की संयोजक चैत्र-वैशाखातील पेयांची यादी बाहेर काढतात: ताक, लिंबू सरबत, कोकम सरबत, बर्फ घातलेला उसाचा रस. उष्मा तोच भासला तरी देहाची अवस्था तीच नसते. ग्रीष्मात वाताचा संचय असतो, शरदात पित्ताचा प्रकोप. वर्षा ऋतूत अम्लविपाकी जल व औषधी यांमुळे साठलेले पित्त शरदातील प्रखर सूर्यकिरणांनी एकाएकी उसळते. म्हणून वाग्भटाचार्यांनी या ऋतूत तिक्तघृत, विरेचन आणि रक्तमोक्षण सांगितले, आणि आहारात मधुर, तिक्त, कषाय रसांना स्थान दिले. शालि, मूग, साखर, आवळा, पडवळ, मध ही त्यांची यादी आपणा सर्वांस मुखोद्गत आहे. त्याचबरोबर दही, क्षार, तेल, तीक्ष्ण मद्य, ऊन, दिवास्वाप आणि आकंठ भोजन ही वर्ज्येही त्यांनी दिली आहेत.

या ऋतूत अम्लपित्त, शीतपित्त, मूत्रदाह, नासारक्तस्राव, मुखपाक यांचे रुग्ण आपल्या चिकित्सालयांत किती वाढतात, हे व्यवसायबंधूंस सांगणे नलगे. शरदाला वैद्यांची माता म्हणण्याचा जुना विनोद त्यातूनच आला. तो विनोद आम्हांस नेहमी थोडा बोचतो. ज्या ऋतूने आपले चिकित्सालय भरते, त्या ऋतूत चिकित्सालयाबाहेर काही करणे हे आपले कर्तव्य नव्हे काय?

एक गोष्ट मात्र पेयस्थानाच्या पूर्ण बाजूची आहे. शरद आणि ग्रीष्म हे दोन ऋतू वगळता स्वस्थ मनुष्यानेही पाणी बेताने प्यावे, असा वाग्भटांचा अभिप्राय आहे. म्हणजे मोकळेपणाने पिण्याची मुभा ज्या दोन ऋतूंत आहे, त्यांपैकी शरद हा एक. सुश्रुताचार्य तर शरदात सर्व प्रकारचे जल सेवनीय मानतात, कारण ते या काळी प्रसन्न, निर्मळ झालेले असते. दिवसा सूर्याने तापलेले, रात्री चंद्राने निवालेले आणि अगस्त्योदयाने निर्विष झालेले हंसोदक ही शरदाचीच देणगी आहे. स्वयंसेवी पेयस्थानास याहून योग्य ऋतू नाही. फक्त ते शरदाचे असावे, वैशाखाचे नसावे.

उशिराच्या न्याहारीचा पेच

सकाळी आठला नोंदणी, अकराला आहार, ही व्यवस्था शरदात पित्तवृद्धीस अनुकूल आहे. मध्यान्ह हा पित्ताचा काल. माणूस पहाटे उठून, पुणे-अहिल्यानगर रस्त्याने दोन-अडीच तासांचा प्रवास करून येतो, रिकाम्या पोटी दोन-तीन कप चहा घेतो, आणि अकरा वाजता क्षुधा मरून गेल्यावर किंवा खवळून उठल्यावर जेवावयास बसतो. मग आकंठ जेवतो. वाग्भटांनी या ऋतूत निषिद्ध केलेले सौहित्य ते हेच. त्यानंतरच्या सत्रात अर्धी सभा डुलक्या घेते. म्हणजे दिवास्वापही साधला.

एकत्रित आहाराची वेळ बदलता आली तर उत्तमच. ती बदलणे शक्य नसेल, तर आठ ते अकरा या तीन तासांत पोटात काय जाते यास विशेष महत्त्व येते. पेयस्थानाचे खरे काम या तीन तासांतले आहे. भोजनापूर्वी, भोजनमध्ये आणि भोजनान्ती घेतलेल्या जलाचे परिणाम शास्त्राने निरनिराळे सांगितले आहेत: आधी प्यायल्यास कृशता, मध्ये प्यायल्यास समता, शेवटी प्यायल्यास स्थूलता. म्हणून अकराला आहार सुरू झाला की गोड पेये उचलून न्यावीत आणि तेथे फक्त पाणी राहू द्यावे. जेवताना गोड पानक पिण्याची सवय लावणे हे पेयस्थानाचे काम नव्हे.

चार भांडी पुरेत

आमच्या मते मेजावर चारच भांडी असावीत. दहा-बारा प्रकार मांडले की माणूस प्रत्येकाची चव घेऊ लागतो, आणि तेथे मात्रा संपते.

पहिले भांडे पाण्याचे. आदल्या संध्याकाळी उकळून निववलेले पाणी, मातीच्या माठात, वाळ्याची स्वच्छ धुतलेली जुडी घालून. शरदातील पाणी डोळ्यांना निर्मळ दिसते हे खरे. परंतु अतिसार उत्पन्न करणारे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. हंसोदकाचा गौरव करावा आणि पाणी उकळावेही. शृतशीत जल पित्तानुबंधी विकारांत शास्त्रानेच प्रशंसिले असल्याने या दोहोंत विरोध नाही.

दुसरे भांडे धान्यक पानकाचे. भावप्रकाशात कृतान्नवर्गात याचा पाठ आहे: धने बारीक वाटून, वस्त्रगाळ करून, साखरेच्या पाण्यात मिसळून, कर्पूरादींनी सुगंधित करून नव्या मृत्पात्रात ठेवावे, ते परम पित्तहर होते. शार्ङ्गधरांचा धान्यक हिम हा त्याचाच सखा. तेथे एक पल द्रव्य सहा पल पाण्यात रात्रभर भिजवावयाचे, म्हणजे आजच्या मानाने सुमारे ४८ ग्रॅम धने आणि २८८ मिलिलिटर पाणी. मात्रा दोन पल. ही औषधी मात्रा झाली. स्वस्थांच्या पेयासाठी ती इतकी तीव्र नसावी. लिटरला ५० ग्रॅम भरड धने आणि ४० ग्रॅम खडीसाखर हे प्रमाण आम्हांस योग्य वाटते. धने रात्री भिजवावयाचे ते उकळून निववलेल्या पाण्यातच. कापूर घालावयाचाच झाल्यास भीमसेनी, आणि तोही नाममात्र. अन्यथा वेलची पुरे.

तिसरे भांडे ऋतूच्या पुढे सरकण्याबरोबर बदलावे. आश्विनात मनुकांचे पानक: लिटरला १०० ग्रॅम मनुका रात्री भिजवून, सकाळी कुस्करून, गाळून, वेगळी साखर नको. कार्तिकात ताजा आवळा हाती येऊ लागला की मनुकांच्या जागी आवळ्याचे पानक. आवळा चवीला आंबट असूनही शीतवीर्य व मधुरविपाकी असल्याने पित्तास शमवितो. लिंबू, चिंच आणि कोकम यांच्याबाबत तसे म्हणता येत नाही, म्हणून ती या मेजावर नकोत. सामान्य जन ‘आंबट ते सारे पित्ताचे’ किंवा ‘आंबट ते सारे थंड’ अशा दोन टोकांना असतात. आवळ्याचे भांडे आणि त्यावरील दोन ओळींची पाटी हा भेद व्याख्यानाहून सहज शिकवील.

चौथे भांडे गरम असावे: मुगाचे कढण. मूग साधारण सोळापट पाण्यात शिजवून, घोटून, गाळून, त्यात सैंधव, जिरे, धने आणि थोडे तूप. ज्यांना गोड चालत नाही, ज्यांना थंड सोसत नाही, ज्यांची प्रकृती कफाची आहे, जे उपाशीपोटी दूरवरून आले आहेत, त्या सर्वांचा हा आधार. येथे एक सूक्ष्म सूचना. आश्विनात बाजारात नवा मूग आलेला असतो आणि संयोजक कौतुकाने तोच आणतात. नवे धान्य अभिष्यंदी, वर्षभर जुने झालेले लघु. कढणाला गतवर्षीचाच मूग घ्यावा.

जे मेजावर नसावे

सर्वांत अधिक वाद होईल तो ताकावर. ताक म्हणजे आरोग्य, हे समीकरण आपणच लोकांच्या मनात रुजविले आहे, आणि ग्रहणी-अर्शात ते रास्तही आहे. परंतु दही शरदात वर्ज्य आहे, आणि तक्र उष्णकाली, दाह, भ्रम, मूर्च्छा व रक्तपित्त यांत देऊ नये असे सुश्रुतमत आहे. काही ज्येष्ठ वैद्य म्हणतात की ताक म्हणजे दही नव्हे. पित्तात मधुर तक्र शर्करेसह देता येते असेही शास्त्रवचन आहे. हे आम्हांस मान्य आहे. चिकित्सालयात, रुग्ण पाहून, ताजे गोड ताक खडीसाखरेसह द्यावयास आमची हरकत नाही. पण मेजावरचे ताक हे चिकित्सालयातले ताक राहत नाही. सकाळी आठला गोड असलेले ताक ऑक्टोबरच्या उष्म्यात अकरापर्यंत आंबट होते. भांड्यावरची पाटी तीच राहते, आतले द्रव्य बदलते. जेथे कोणी चाखून पाहणारा उभा नाही, तेथे असे वेळेगणिक गुण बदलणारे द्रव्य ठेवू नये. हा निर्णय ताकाविरुद्ध नाही, स्वयंसेवेच्या मर्यादेचा आहे.

उसाच्या रसाचेही तसेच. दातांनी चावून खाल्लेला ऊस पित्तशामक आहे. पण यंत्राने काढलेल्या रसात मूळ, शेंडा, किडका भाग आणि मळ एकत्र पिळले जातात, तो काही काळ राहतो आणि विदाही होतो, हे वाग्भटांनी स्पष्ट नोंदविले आहे. याच सुमारास साखर कारखान्यांच्या गळीत हंगामाची तयारी चालू होते, रसाच्या चरकांची घरघर सुरू होते, आणि संयोजकांना रस हे स्थानिक, नैसर्गिक आणि स्वस्त पेय वाटते. स्थानिक असणे हा गुण आहे. पण तो एकमेव निकष नव्हे.

दुधाचा प्रश्न नाजूक आहे. राळेगणसारख्या गावात पाण्यापाठोपाठ चारा आला, चाऱ्यापाठोपाठ दूध; तेथे दूध न ठेवणे यजमानास अपमानास्पदही वाटेल. दूध मधुर, शीत, शरदात हितकरच आहे. परंतु दुधाशेजारी आवळ्याचे पानक आणि सैंधवयुक्त कढण ठेवले, की एकच माणूस अर्ध्या तासात तिन्ही घेणार. पंगतीत वाढणारा ‘आता दूध नको’ असे सांगू शकतो. मेज सांगू शकत नाही. विरुद्धाहार येथे अज्ञानाने होत नाही, मांडणीने होतो. म्हणून सकाळच्या मेजावर दूध नको. त्याची वेळ रात्रीची आणि त्याचा दिवस कोजागरीचा.

कोजागरीच्या दुधाबरोबर भेळ, भजी आणि चिवडा देण्याची प्रथा बोकाळली आहे, तिच्याविषयीही येथे दोन शब्द. केशर-वेलचीचे आटीव दूध आणि चिंचेच्या पाण्याची भेळ यांची सांगड कोणत्याही संहितेत बसत नाही. शाखांनी कोजागरीचे कार्यक्रम करावेत, अवश्य करावेत, पण दूध एकटे द्यावे आणि भोजनानंतर पुरेसे अंतर ठेवून द्यावे. कोजागरीच्या रात्री खिरीतून श्वासरोगाचे औषध वाटण्याचे जे सोहळे देशात ठिकठिकाणी होतात, त्यांच्याशीही आपल्या पेयस्थानाची गल्लत होऊ देऊ नये. पेय हे पेय आहे. गर्दीत, नाडी न पाहता, सरसकट दिलेले ते औषध नव्हे.

राहिला चहा. तो बंद करावा असे आम्ही म्हणत नाही. पहिल्याच दिवशी चहा काढून टाकला तर लोक पेयस्थानच टाकतील. पादांशिक क्रम येथे वापरावा. चहा सकाळच्या मेजावर न ठेवता आहारानंतर, वेगळ्या जागी, लहान कपात द्यावा. रिकाम्या पोटी घेतलेले तीन कप जेवणानंतरच्या एकावर आले, तरी पहिल्या वर्षी पुष्कळ मिळविले.

पेला, तोटी आणि पाटी

पेला लहान असावा. शार्ङ्गधरांची हिमाची दोन पल मात्रा आजच्या मानाने सुमारे ९६ मिलिलिटर होते. घरोघरीचे लहान फुलपात्र १०० ते १२० मिलिलिटरचे असते. तेच वापरावे. मोठा पेला ठेवला की तो काठोकाठ भरण्याकडे हात आपोआप वळतो. ज्याला अधिक हवे तो पुन्हा येईल, आणि पुन्हा येताना क्षणभर विचारही करील. वरील प्रमाणाने केलेल्या धान्यक पानकाच्या १२० मिलिलिटरच्या फुलपात्रात साखर साधारण ५ ग्रॅम जाते. बाजारातील गोड शीतपेयाच्या २५० मिलिलिटरच्या बाटलीत ती सुमारे २५ ग्रॅम असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनात मुक्त शर्करा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी, शक्यतो ५ टक्क्यांच्या आत ठेवावी असे म्हटले आहे. प्रौढ व्यक्तीसाठी ही दुसरी मर्यादा दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आसपास येते. एक बाटली ती एका घोटात संपविते.

भांडी मातीची असावीत. पाणी व पानके मृत्पात्रात द्यावीत असा सुश्रुतांचा संकेत आहे. माती न मिळाल्यास निर्लेप पोलाद चालेल. तांब्या-पितळेच्या, विशेषतः कल्हई गेलेल्या भांड्यात आवळा कदापि ठेवू नये. प्रत्येक माठाला तोटी हवी. ओगराळे बुडवून घेण्याची रीत घरात शोभते; शंभर हात एका भांड्यात जाणे शिबिरात परवडणारे नाही. तोंडावर स्वच्छ फडके बांधावे, शेजारी हात धुण्याची सोय असावी, आणि दुपारी बारानंतर उरलेले पानक कितीही चांगले दिसले तरी टाकून द्यावे. सायंकाळच्या सत्रासाठी ते झाकून ठेवणे हा काटकसरीचा भ्रम होय. उष्टी फुलपात्रे धुतलेले पाणी झाडांच्या आळ्यात सोडावे. राळेगणात तरी हे वेगळे सांगावे लागणार नाही.

प्रत्येक भांड्यावर तीन ओळींची पाटी असावी: काय आहे, किती घ्यावे, कोणी घेऊ नये. उदाहरणार्थ, ‘मनुकांचे पानक. एक फुलपात्र. मधुमेह असणाऱ्यांनी शेजारचे कढण घ्यावे.’ शेवटच्या वाक्यात नकार नाही, पर्याय आहे, याकडे लक्ष वेधतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अभ्यासानुसार देशात मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक आहे. शंभर जणांच्या शिबिरात ते असणारच. वृक्करोगामुळे किंवा हृद्रोगामुळे ज्यांचे पाणी मोजून दिले जाते, त्यांच्यासाठी मेजाच्या आरंभीच स्वतंत्र सूचना लावावी. पाट्यांवर रोगनिवारणाचे दावे मात्र लिहू नयेत. आयुर्वेद आहाराविषयी २०२२ साली अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने विनियम केले आहेत. ते प्रामुख्याने व्यवसायासाठी असले तरी आहार आणि औषध यांतील सीमारेषा पाळण्याची त्यांतील दृष्टी आपल्या पाटीलाही लागू पडते.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप शास्त्रीय आहे. प्रत्येकाची प्रकृती भिन्न, अग्नी भिन्न, मग सर्वांस एकच मेज कसे? याचे उत्तर असे, की प्रकृती व्यक्तीची असते, ऋतू मात्र सर्वांचा असतो. ऋतुचर्या ही संहितांनी स्वस्थवृत्ताचा भाग म्हणून सांगितली. ती समुदायास सांगता येते. पेयस्थान स्वस्थांसाठी आहे. आणि चार भांड्यांत थंड-गरम, गोड-अगोड, द्रव-पेज असे पर्याय ठेवल्याने प्रकृतिभेदास पुरेसा वाव राहतो. त्याहून अधिक सूक्ष्म विचार हवा असेल, त्यासाठी मेजाजवळ एक तरुण वैद्य उभा ठेवावा. त्याने वाढू नये, अडवूही नये. विचारले तर सांगावे. अंतर्वासितेतील विद्यार्थ्यांना स्वस्थवृत्ताचे याहून चांगले प्रात्यक्षिक कोठे मिळणार?

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. ‘एवढा खटाटोप कशाला? लोकांना हवे ते देऊ.’ यात गृहीत असे धरले आहे, की लोकांना जे हवे ते त्यांचे स्वतःचे असते. वस्तुतः गेल्या पिढीपर्यंत कार्तिकात आपल्या गावांत आवळीभोजन होत असे. आवळ्याच्या झाडाखाली, मोकळ्या हवेत, सर्वांनी मिळून घेतलेले दिवसाचे भोजन. ऋतूचे फळ डोक्यावर आणि ऋतूचे अन्न पानात. शहरी ‘ब्रंच’चे कौतुक करणाऱ्यांनी या आपल्या शारदीय वनभोजनाकडे एकदा पाहावे. लोकांची आवड ही मांडणीनेच घडलेली आहे, आणि मांडणीनेच पुन्हा घडविता येईल. राळेगणाने दुकानाची फळी बदलून जे साधले, ते आपण मेज बदलून का साधू नये?

आमची विनंती

येत्या शरदात जिल्ह्यातील प्रत्येक शाखेने निदान एक पेयस्थान मांडावे, आणि ते प्रथम आपल्याच सभेत मांडावे. लोकांना सांगण्यापूर्वी वैद्यांनी स्वतः चहाचा थर्मास मागे सरकवावा. सोबत एक साधी नोंदवही ठेवावी: उपस्थिती किती, कोणते भांडे किती लिटर संपले, किती उरले, चहाचे कप किती लागले, कोणास काही त्रास झाला काय. एवढ्या नोंदी चार-पाच शाखांकडून आल्या तरी पुढील वर्षीची चार भांडी कोणती असावीत हे आपणांस अनुमानाने नव्हे, प्रत्यक्षाने ठरविता येईल. त्या नोंदी याच त्रैमासिकात प्रसिद्ध व्हाव्यात, ज्या ठिकाणी योजना फसली तेथील विशेष अगत्याने.

ऋतुचर्येवरची व्याख्याने आपण पुष्कळ दिली. आता एकदा ती चार माठांत भरून लोकांसमोर ठेवू या, आणि तोटी त्यांच्या हाती देऊ या.

अलमतिविस्तरेण.